परकीय मदत: पंगत कोणाची, वाढपी कोण?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: परकीय मदत नेमकी कोणत्या देशांना मिळते? जो सगळ्यात गरीब त्याला सगळ्यात जास्त, असा काही नियम आहे का? आणि भारत एका हातानं बुलेट ट्रेनसाठी जपानकडून पैसे घेतो नि दुसऱ्या हातानं भूतानला देतो, याचा मेळ कसा लावायचा?

परदेशी पैशावर चालणाऱ्या प्रकल्पांचे हिशेब आणि देखरेख यात माझी सत्तावीस वर्षं गेली. सुरुवात महाराष्ट्रातल्या ग्रामीण पाणीपुरवठ्यात झाली, पुढं दिल्ली, काही काळ नेपाळ, काही काळ पूर्व आफ्रिका. त्यामुळे उत्तर जरा लांबेल. क्लासच्या नोट्समध्ये चार मुद्दे मिळतातच, ते इथं पुन्हा लिहीत नाही.

आपल्याकडे म्हणतात, वाढणारा ओळखीचा असला की पंगतीत कुठंही बसलं तरी चालतं. परकीय मदतीचा कारभार बराचसा असाच आहे. पंगतीला कोण बसणार हे साधारण गरिबीवरून ठरतं. कुणाच्या पानात किती पडणार हे मात्र वाढपी ठरवतो, आणि त्याची नजर स्वतःच्या घरच्या गरजांवर असते.

आधी शब्द नीट धरू. वर्तमानपत्रात 'मदत' म्हणून जे छापून येतं त्यात अनुदान, स्वस्त कर्ज, शस्त्रं, तांदळाची पोती, सल्लागारांचे पगार असं सगळं एकत्र असतं. हिशेबाला धरायचा शब्द आहे 'अधिकृत विकास साहाय्य', आमच्या बोलीत ओडीए. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेच्या एका समितीनं 1969 साली त्याची व्याख्या ठरवली. सरकारी पैसा हवा, विकासासाठी हवा, आणि तो अनुदान किंवा सवलतीचं कर्ज या रूपात हवा. लष्करी मदत यात धरत नाहीत. हीच समिती पात्र देशांची यादी ठेवते. दरडोई उत्पन्न सलग तीन वर्षं श्रीमंत गटाच्या रेषेच्या वर राहिलं की देश यादीतून बाहेर. चिली, उरुग्वे आणि सेशेल्स 2018 मध्ये असे बाहेर पडले. चीन अजून यादीत आहे हे ऐकून बरेच जण खुर्चीत सरळ होतात. जपाननं 1979 पासून चीनला स्वस्त कर्जं दिली आणि नवी मदत बंद करायची घोषणा थेट 2018 मध्ये केली. तोवर चीनची अर्थव्यवस्था जपानच्या कितीतरी पुढं गेली होती.

आता आकडे. 2023 मध्ये या समितीच्या सदस्य देशांची मदत साधारण 223 अब्ज डॉलर होती, 2024 मध्ये ती 212 अब्जांवर आली. सगळ्यात जास्त मदत घेणाऱ्यांच्या यादीत वरच्या ओळींत हल्ली सतत दिसणारी नावं म्हणजे युक्रेन, इथिओपिया, बांगलादेश, नायजेरिया, काँगो, अफगाणिस्तान, सीरिया, जॉर्डन, केनिया. भारतही असतो, त्याकडे शेवटी येतो. यातला युक्रेन पाहा. 2024 मध्ये एकट्या युक्रेनला या देशांकडून थेट 15.5 अब्ज डॉलर गेले. जगातले सगळ्यात मागास म्हणून संयुक्त राष्ट्रांनी नोंदवलेले चाळीसहून अधिक देश घ्या. त्या सगळ्यांना मिळून 35 अब्ज. युक्रेनवर संकट खरं आहे, त्यात वाद नाही. पण सुदानवरही ते आहेच. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या दोन आकड्यांत आलं.

एक गंमत इथंच सांगून टाकतो, कारण ती परीक्षेत कुणी विचारत नाही. देणाऱ्या देशानं आपल्याच देशात आलेल्या निर्वासितांवर पहिल्या वर्षी केलेला खर्चसुद्धा नियमानं 'मदत' म्हणून मोजता येतो. 2022 मध्ये ब्रिटनच्या मदतीच्या बजेटमधला जवळजवळ 29 टक्के पैसा ब्रिटनमध्येच खर्च झाला, मुख्यतः हॉटेलांच्या बिलांवर. म्हणजे ब्रिटिश मदत घेणाऱ्यांत ब्रिटन स्वतःच पहिल्या पंक्तीला. वाढप्यानं आपलंही पान मांडून घेतलं.

कारणं समजून घ्यायची तर मला आपल्याच देशाची जुनी गोष्ट सगळ्यात उपयोगी वाटते. आमच्या घरात 'पीएल' हा शब्द मी शाळेत जायच्या आधी ऐकला. रेशनवर मिळालेल्या लाल गव्हाबद्दल आई बोलायची. त्याची पोळी गरम असेतो ठीक, गार झाली की चामड्यासारखी, असं तिचं म्हणणं. तो अमेरिकेच्या पब्लिक लॉ 480 खाली आलेला गहू. हा कायदा 1954 चा. अमेरिकेत तेव्हा गव्हाचे साठे इतके वाढले होते की ठेवायचे कुठं हा प्रश्न होता आणि भाव पडू नयेत म्हणून सरकार शेतकऱ्यांकडून ते विकत घेत होतं. म्हणजे मदतीचं पहिलं कारण कॅन्सस-नेब्रास्कातल्या शेतकऱ्याच्या कोठारात होतं. भारताची भूक नंतरची. भारतानं करार केला तो ऑगस्ट 1956 मध्ये.

हा गहू फुकट नव्हता, पण डॉलर मोजावे लागत नव्हते. भारत रुपयांत पैसे द्यायचा आणि ते रुपये भारतातच अमेरिकेच्या खात्यावर साठत. त्यातून त्यांच्या वकिलातीचा खर्च निघायचा, काही रक्कम कर्ज म्हणून परत भारत सरकारलाच मिळायची. आणि एक भाग पुस्तकांवर जायचा. अमेरिकेच्या काँग्रेस लायब्ररीनं दिल्लीत कार्यालय काढून भारतीय भाषांतली पुस्तकं या रुपयांतून विकत घेतली आणि तिकडच्या विद्यापीठांना पाठवली. त्यात मराठीही होती. अमेरिकेतल्या एखाद्या ग्रंथालयाच्या कपाटात साठच्या दशकातला मराठी कवितासंग्रह सापडला, तर त्याची किंमत कदाचित रेशनच्या गव्हातून चुकती झालेली असेल. (गाजर गवताची बी याच गव्हातून आली असं आपल्याकडे घट्ट मानतात, म्हणून ते 'काँग्रेस गवत'. पण पुण्यात ते नजरेस आल्याची नोंद पन्नाशीच्या दशकाच्या मध्याची, कराराच्या आसपासची किंवा थोडी आधीची, तेव्हा सगळा आळ गव्हावर घालताना जरा जपून.)

1965 आणि 66 ला सलग दोन पावसाळे कोरडे गेले. 66 मध्ये जवळपास एक कोटी टन धान्य बाहेरून आणावं लागलं. नेमक्या त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वर्षभराचा करार करायचं बंद करून महिन्या-दोन महिन्यांपुरती मंजुरी द्यायला सुरुवात केली. जहाज बंदराला लागलं की त्यातलं धान्य सरळ लोकांच्या तोंडी, अशी अवस्था. अमेरिकेचं म्हणणं होतं की भारतानं शेतीवर खर्च वाढवावा, खतांचे कारखाने खासगी भांडवलाला खुले करावेत. दुसरं कारण उघड बोललं जायचं नाही, पण कुणापासून लपलेलं नव्हतं. व्हिएतनामवरच्या बाँबहल्ल्यांवर भारत टीका करत होता. 6 जून 1966 ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर 4 रुपये 76 पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. त्यामागंही जागतिक बँक, नाणेनिधी आणि मदत देणाऱ्या देशांचा रेटा होता. तोंडात आलेल्या घासाची दोरी दुसऱ्याच्या हातात असणं म्हणजे काय, ते दिल्लीतल्या एका पिढीनं तेव्हा पाहिलं. पुढच्या हरितक्रांतीमागं बियाणं जितकं होतं तितकाच हा अपमान होता, असं मला वाटतं. साठलेल्या रुपयांचा शेवट 1974 मध्ये झाला. अमेरिकेचे राजदूत डॅनियल मॉयनिहान यांनी 1,664 कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला परत दिला. त्या काळचा तो जगातला सगळ्यात मोठा धनादेश म्हणून नोंदला गेला.

या एका गोष्टीत निम्मी कारणं आली. देणाऱ्याचा माल खपवणं, घेणाऱ्याचं धोरण वळवणं, मत आपल्या बाजूला ओढणं, आणि हो, उपासमार टाळणं. शेवटचं कारण खोटं नव्हतं. त्या गव्हानं माणसं जगली.

आता मोक्याची जागा. इथं इजिप्त हे पाठ्यपुस्तकातलं उदाहरण. 1979 मध्ये इस्रायलशी तह केला आणि तेव्हापासून अमेरिकेची मदत कधी आटली नाही. एकटी लष्करी मदतच वर्षानुवर्षं 1.3 अब्ज डॉलर आहे. मला मात्र जॉर्डनचं उदाहरण अधिक बोलकं वाटतं. लोकसंख्या जेमतेम सव्वा कोटीच्या आत, तेल नाही, पाण्याची वानवा. पण शेजार पाहा: इस्रायल, सीरिया, इराक, सौदी अरेबिया. 2022 मध्ये अमेरिकेनं जॉर्डनशी सात वर्षांचा करार केला, वर्षाला 1.45 अब्ज डॉलरचा. माणशी हिशेब केला तर सव्वाशे डॉलरहून जास्त, तेही एकाच देणाऱ्याकडून. भारताला सगळ्यांकडून मिळून माणशी दोन-चार डॉलर येतात. जॉर्डननं लाखो सीरियन निर्वासित सांभाळले हेही खरं आणि त्याचं मोल आहेच. पण तोच देश मादागास्करच्या जागी असता तर?

पाकिस्तानचा आलेख एकदा काढून पाहाच. 1979 च्या शेवटी सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकी मदतीचा ओघ सुरू झाला. 1989 ला फौजा परतल्या आणि 1990 मध्ये अमेरिकेला अचानक पाकिस्तानच्या अणुबाँबची आठवण झाली, प्रेस्लर दुरुस्ती या अमेरिकी कायद्याखाली मदत बंद. 2001 नंतर पुन्हा सुरू. 2009 च्या केरी-लुगर कायद्यात पाच वर्षांसाठी साडेसात अब्ज डॉलर, तेही नागरी कामांसाठी. 2018 मध्ये पुन्हा लष्करी मदतीला खीळ. या चाळीस वर्षांत तिथली गरिबी अशी वर-खाली उड्या मारत नव्हती.

मतांचाही भाव असतो. नोव्हेंबर 1990 मध्ये इराकविरुद्ध बळाच्या वापराला परवानगी देणारा ठराव सुरक्षा परिषदेत आला. क्यूबा आणि येमेननं विरोधात मत दिलं. क्यूबाला अमेरिकेची मदत नव्हतीच. येमेनच्या प्रतिनिधीला अमेरिकी अधिकाऱ्यानं तिथंच ऐकवलं की हा नकार तुम्हाला फार महागात पडेल, आणि येमेनची 7 कोटी डॉलरची मदत कापली गेली. हा एकटादुकटा प्रसंग म्हणून सोडून देता येत नाही. इल्याना कुझिएम्को आणि एरिक वर्कर या दोघा अभ्यासकांनी 2006 मध्ये आकडेवारी मांडली. एखादा देश दोन वर्षांसाठी सुरक्षा परिषदेवर निवडून आला की त्याला मिळणारी अमेरिकी मदत सरासरी 59 टक्क्यांनी वाढते, आणि मुदत संपली की खाली येते. देश तोच, माणसं तीच, फक्त खुर्ची बदललेली.

याच तर्कानं पॅसिफिकमधली चिमुकली बेटं यादीत माणशी हिशेबानं सगळ्यात वर दिसतात. मार्शल आयलंड्स, मायक्रोनेशिया आणि पलाऊ या तिघांची मिळून लोकसंख्या दोन लाखांच्या आत, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. 2024 मध्ये अमेरिकेनं त्यांच्यासाठी वीस वर्षांचे 7.1 अब्ज डॉलर मंजूर केले. बदल्यात त्या अफाट समुद्रात दुसऱ्या कुणाच्या लष्कराला पाय ठेवू न देण्याचा हक्क. तैवानला मान्यता द्यायची की चीनला, हाही या बेटांचा चलनी हुकूम आहे. सॉलोमन आणि किरिबाती 2019 मध्ये चीनकडे गेले, नाउरू जानेवारी 2024 मध्ये. छोट्या देशाला सार्वभौमत्व ही एकच गोष्ट विकता येते, तर तो ती नीट भाव करून विकतो. त्यांना मी नावं ठेवणार नाही.

जुने मालक हा आणखी एक धागा. फ्रान्सची मदत पश्चिम आफ्रिकेतल्या जुन्या वसाहतींकडे, पोर्तुगालची मोझांबिककडे, ब्रिटनची राष्ट्रकुलाकडे. अल्बर्टो अलेसिना आणि डेव्हिड डॉलर या अर्थतज्ज्ञांनी 2000 साली दाखवलं की मदत कुणाला जाते हे ओळखायला देशाची गरिबी जितकी उपयोगी, तितकाच उपयोगी वसाहतीचा इतिहास आणि संयुक्त राष्ट्रांतलं मतदान. यावर अधिक लिहीत नाही.

माल खपवण्याबद्दल मात्र लिहायला हवं, कारण ते मी जवळून पाहिलंय. एका परदेशी साहाय्याच्या पाणी योजनेत करारानुसार काही उपकरणं देणाऱ्या देशातूनच घ्यायची होती. त्यात पाण्यात क्लोरीन सोडणारे छोटे पंप होते. देखणी वस्तू, निळं झाकण, आत रबराचा पातळ पडदा. एका गावात सात-आठ महिन्यांत तो पडदा फाटला. तालुक्याला मिळेना, पुण्याला मिळेना, मागणी परदेशी गेली. पार्सल येईपर्यंत ग्रामपंचायतीच्या पाणी सोडणाऱ्या माणसानं एका प्लॅस्टिकच्या ड्रमला सलाइनची नळी लावली, टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचं पाणी थेंबथेंब टाकीत सोडायची सोय केली आणि काम चालू ठेवलं. खर्च दीडशे रुपयांच्या आत. मग 'मिशन' आलं. देणाऱ्या संस्थेची पाहणी-मंडळी येतात त्याला आमच्यात मिशन म्हणतात. सरपंचांनी पंपावरची धूळ पुसून घेतली, ड्रम गोठ्याकडं हलवला. तक्त्यात रकाना होता: उपकरण बसवलं का? आम्ही लिहिलं, होय. उपकरण चालू आहे का, असा रकानाच नव्हता. त्या 'होय'वर माझीही सही आहे.

अशा अटीला 'बांधील मदत' म्हणतात. सगळ्यात मागास देशांच्या बाबतीत ती कमी करायचं 2001 मध्ये ठरलं, पण संपलेली नाही. अमेरिकेच्या अन्नमदतीतला निम्मा माल अमेरिकी झेंड्याच्या जहाजांतूनच न्यावा असा कायदा आहे, मग भाडं जास्त का पडेना. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचं जपानी कर्ज पाहा: व्याज 0.1 टक्के, मुदत 50 वर्षं, पहिली 15 वर्षं परतफेड नाही, ठरवलेल्या खर्चाच्या 81 टक्के. इतकं स्वस्त कर्ज कुणी देत नाही. पण ठरलं होतं ते शिंकान्सेन तंत्रज्ञान, म्हणजे जपानी तंत्र आणि बऱ्याच भागासाठी जपानी पुरवठा. व्याजात सोडलेलं असं दुसऱ्या दारानं परत येतं. हा सौदा वाईट असतोच असं नाही. अटल सेतूही जपानी कर्जातला, आणि तो उभा आहे. फक्त सौदा आहे हे माहीत असावं.

सौदा फारच उघडा पडला की काय होतं, ते ब्रिटनमध्ये दिसलं. मलेशियातल्या पेर्गाऊ धरणाला ब्रिटननं 23 कोटी पौंडांहून जास्त मदत दिली. त्याच सुमारास मलेशिया ब्रिटनकडून एक अब्ज पौंडांची शस्त्रं घेणार होता. धरण किफायतशीर नाही, असं खुद्द मदत खात्याचे अधिकारी सांगत होते. 1994 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं ती मदत बेकायदा ठरवली, आणि 2002 मध्ये ब्रिटननं कायदाच केला की मदतीचा हेतू गरिबी कमी करणं हाच हवा.

एक कारण अभ्यासकांच्या लेखांत कमी दिसतं, कार्यालयात मात्र रोज भेटतं. देणाऱ्यालाही पैसे खर्च करायची घाई असते. आपल्याकडं मार्चअखेर, तशी त्यांची 'क्लोजिंग डेट'. त्या तारखेपर्यंत रक्कम उचलली गेली नाही तर तिकडच्या अधिकाऱ्याला जाब द्यावा लागतो. म्हणून ज्या देशाची सरकारी यंत्रणा निविदा वेळेत काढते, वापर प्रमाणपत्रं वेळेत देते, ऑडिट करून घेते, त्याच्याकडं पुढचा प्रकल्प आपोआप येतो. बांगलादेश, इथिओपिया, रवांडा या देशांवर देणाऱ्यांची मर्जी राहिली त्यात याचा वाटा मोठा. ज्याची यंत्रणाच कोलमडलेली त्याला सगळ्यात जास्त गरज आणि त्यालाच देणं सगळ्यात अवघड. अफगाणिस्तानात 2021 पूर्वी सरकारी खर्चाचा तीन-चतुर्थांश भाग बाहेरच्या अनुदानातून यायचा. ऑगस्टमध्ये सरकार पडलं आणि शिक्षक, नर्स यांचे पगार थांबले. इतक्या पैशानं पगार दिले गेले, पण तो पगार स्वतःच्या करातून देऊ शकेल असं राज्य उभं राहिलं नाही.

मग गरजेप्रमाणं काहीच जात नाही का? जातं. जिथं अनेक देशांचा पैसा एका पेटीत पडतो आणि सूत्रानं वाटला जातो, तिथं गरज बऱ्यापैकी टिकून राहते. जागतिक बँकेची आयडीए ही गरीब देशांना स्वस्त कर्ज नि अनुदान देणारी 1960 सालची खिडकी घ्या. दरडोई उत्पन्न साधारण तेराशे डॉलरांच्या खाली, लोकसंख्या किती, कारभार कसा, यावरून वाटा निघतो. लसींसाठीच्या 'गावी' (Gavi) या आंतरराष्ट्रीय आघाडीतही पात्रता उत्पन्नावरच. इथं महाराष्ट्राचा एक दुवा आहे. 'गावी' आणि युनिसेफ गरीब देशांसाठी ज्या लसी विकत घेतात त्यातल्या भरपूर हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून जातात. नॉर्वेच्या करदात्याचा पैसा, मलावीच्या बाळाचा दंड, आणि बिल पुण्याचं. एचआयव्हीच्या औषधांचंही तसंच. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लानं तिहेरी औषध वर्षाला 350 डॉलरांत देऊ केलं, तोवर श्रीमंत देशांत त्याला दहा हजारांवर पडायचे. त्या किमती उतरल्या नसत्या तर आफ्रिकेतल्या कोट्यवधी रुग्णांना मदतीच्या पैशातून औषध पुरवायचा विचारही कुणी केला नसता.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. भारत घेतो आणि देतो, दोन्ही एकाच वेळी.

घेण्याचं रूप बदललं आहे. 2003 च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जसवंतसिंह यांनी जाहीर केलं की छोट्या देणाऱ्यांची मदत आता नको, अटींनी बांधलेली मदत नको. 2004 च्या त्सुनामीत भारतानं बाहेरची सरकारी मदत नाकारली आणि आपली जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडं पाठवली. आयडीएच्या यादीतून भारत 2014 मध्ये बाहेर पडला. आता येतात ती मुख्यतः मोठी स्वस्त कर्जं. नागपूर मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी विकास बँकेचं, पुणे मेट्रोला युरोपियन गुंतवणूक बँकेचं, मुंबईच्या भुयारी मेट्रोला जपानच्या जायका या मदत-संस्थेचं. पुण्यात तर मुळा-मुठेच्या सांडपाणी प्रकल्पाला लोक नुसतं 'जायका' म्हणतात. जपानी संस्थेचं नाव आहे हे अनेकांना माहीत नसतं, एका नगरसेवकानं मला ते हॉटेलच्या नावासारखं का ठेवलं असं विचारलं होतं. ही सवलतीची कर्जं ओडीएत मोजली जातात, म्हणून भारताचं नाव यादीत इतकं वर दिसतं. माणशी काढलं की ते नाव तळाला जातं.

आणि देण्याचं? 2025-26 च्या अर्थसंकल्पात परराष्ट्र खात्यानं भूतानसाठी 2,150 कोटी रुपये ठेवले, नेपाळसाठी 700, मालदीवसाठी 600, मॉरिशससाठी 500 कोटी. भूतानची लोकसंख्या आठ लाखांच्या आत, म्हणजे माणशी पंचवीस हजार रुपयांहून जास्त. आणि भूतानचं दरडोई उत्पन्न भारतापेक्षा अधिक आहे. आपण आपल्याहून सुखवस्तू शेजाऱ्याला सगळ्यात जास्त वाढतो. का, ते नकाशात चीनच्या सीमेवरचं डोकलाम आणि ईशान्य भारताला जोडणारी सिलिगुडीची चिंचोळी पट्टी शोधलीत की कळेल. पण नुसती लष्करी भीती म्हणून सोडून देऊ नका, कारण भूतानशी आपला सौदा चांगला जमलेला आहे. सत्तरच्या दशकात ठरलेलं चुखा धरण पाहा: 336 मेगावॉट, खर्चाच्या 60 टक्के भारताचं अनुदान, 40 टक्के कर्ज, आणि भूतानच्या गरजेपुरती ठेवून उरलेली वीज भारतच विकत घेणार. विजेच्या पैशातून भूताननं कर्ज फेडलं, शाळा-दवाखाने चालवले. पुढं ताला, मग मांगदेछू याच वाटेनं झाली. घेणाऱ्याकडं विकायला काहीतरी उरेल आणि ते घ्यायला देणारा स्वतः दारात उभा असेल, अशी मदत मी फार कमी पाहिली.

आफ्रिकेला आणि शेजाऱ्यांना आपण जी मोठी कर्जं देतो ती मुंबईतल्या एक्झिम बँक या सरकारी आयात-निर्यात बँकेतून जातात. त्यात साधारण 75 टक्के माल-सेवा भारतातून घ्यायची अट असते. पूर्व आफ्रिकेत असताना एका तालुक्याच्या गावी भारतीय कर्जातून आलेले पाण्याचे पंप पाहिले. बनावट आपल्याकडची, माझ्या ओळखीची. तिथल्या मेकॅनिकनं मला भारतीय म्हणून थांबवलं आणि एक सील पुढं केलं: हे कुठं मिळतं? मी म्हटलं, आमच्याकडं कुठल्याही तालुक्याच्या बाजारात. तो म्हणाला, इथं चार महिने लागतात. त्यानं तोवर ट्यूबचं रबर कापून बसवलेलं होतं. मी त्याचा फोटो काढला, परत आल्यावर पाच सीलं पाकिटात घालून पोस्टानं पाठवली. पोचल्याचं त्यानं कळवलं.